फ्रिजखालचा दिवा

किस्सा सांगतो, पण एका अटीवर. मी विलायतेत रसायनशास्त्र शिकून आलोय, हे शेवटपर्यंत विसरायचं नाही. कारण मी स्वतः विसरलो होतो!

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. विज्ञानाच्या बळावर मराठवाडा उभा करायचा, आणि तोही येत्या पावसाळ्याच्या आत, असा माझा साधा बेत होता. बदनापूर स्टेशनजवळच्या एका मारवाडी शेटजींनी आपल्या कापसाच्या जिनिंगमधली एक खोली मला प्रयोगशाळेसाठी दिली. कोणाच्या सरकीत किती तेल, ते मी काचेच्या यंत्रातून काढून दाखवायचं. सोमवारी शेटजी व्यापाऱ्यांना घेऊन बघायला येणार होते. जमलं तर खोली माझी. फसलं तर तिथे सरकीची पोती रचणार. मुनीमजी तर रोज दारात उभं राहून किती पोती मावतील याचा अंदाज घेत होते!

आता, ह्या यंत्रात लागतं ईथर. हे द्रव्य विलायतेत गुणी मुलासारखं बाटलीत बसतं. आमच्या एप्रिलमध्ये? बूच उडवून चालतं होतं! म्हणून शेटजींनी हैदराबादेहून एक जुना फ्रिज आणवला. जिनिंगवर वीज नव्हती, म्हणून रॉकेलवर चालणारा.

फ्रिज बैलगाडीतून उतरला आणि मला भाषणाचं स्फुरण चढलं. ऐकायला एकटे लिंबाजीमामा. मामा भोकरदनकडचे शेतकरी, जिनिंगवरचे जुने नोकर, आणि माझ्या खोलीचे राखणदार.

"मामा, बघा चमत्कार! खाली दिवा जळतो, आणि वर गारठा पडतो!"

"खाली दिवा?"

"दिवाच! ह्याला म्हणतात विज्ञान!"

मी भिंतीवर कोळशाने आकृती काढली. नळ्या, टाकी, आणि तळाशी दिव्याची ज्योत, चांगली वीतभर. मग खरा दिवा लावला, ईथरची बाटली आणि काचेचं यंत्र आत ठेवलं, दार लावलं, आणि त्याच दमात दुसरं भाषण सुरू केलं. विषय, आग.

"मामा, ह्या ईथरची वाफ दिसत नाही. जमिनीवरून सापासारखी सरपटत जाते. ठिणगी भेटली की भडका! तुम्ही, मी, शेटजी, सगळे आभाळात! विडी नाही, काडी नाही, कंदील नाही. ह्या खोलीत विस्तव म्हणून दिसता कामा नये!"

"कुनी का आनंना?"

"कोणीही! मी आणला तरी!"

एवढ्यावर भागेना. मी मामांना खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावला. मामांनी शपथ घेतली. मी समाधानाने जेवायला गेलो.

दिवा जळतच होता. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

पुढचे तीन दिवस काय सुखाचे गेले! बाटली हाताला गार लागायची. मामांनी ती फ्रिजमध्येच ओल्या वाळूच्या कुंडीत उभी केली होती. "कलंडू नये म्हून," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आणि रॉकेल? टाकीत काडी बुडवून बघितली, थेंबभर उतरलेलं नाही! मी धावत शेटजींकडे.

"शेटजी, तीन दिवस फ्रिज चालू, आणि रॉकेलचा खर्च शून्य!"

"बिलकुल शून्य? क्या बात हय!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी जालन्याच्या बाजारात. त्यामुळे सोमवारी दोन व्यापारी यायचे तिथे अकरा आले. सरकीचं तेल बघायला कोणीच नव्हतं. सगळे रॉकेल न पिणारा फ्रिज बघायला! दारात मामांनी एकेकाच्या काड्यापेट्या काढून घेतल्या. शेटजींचीसुद्धा.

त्यांत घनसावंगीचे एक म्हातारे पाटील होते. ते गुडघ्यावर बसून फ्रिजच्या बुडाशी डोकावले.

"साहेब, दिवा कुठं हाय ह्यात?"

"हा काय!" मी थाटात वाकलो.

अंधार. वात थंडगार.

"कोणी विझवला?" मी ओरडलो.

"म्या," मामा म्हणाले. "तुमी जेवाया गेल्ते तव्हाच."

"मग बाटली गार कशी?"

"दोन कुंड्या हायती. एक आत, एक व्हरांड्यात वाऱ्याला ठिवतो. सकाळ-दुपार बदलून राह्यलो."

अकरा व्यापारी हसले. दारात मुनीमजी पुन्हा पोती मोजायला लागले. माझं डोकं फिरलं. "अडाणीपणा! मराठवाडा मागे का, तर ह्यामुळे!" मी बाहेर झेपावलो, जमा केलेल्या ढिगातली एक काड्यापेटी उचलली, आत आलो, फ्रिजपाशी बसलो आणि काडी काढली.

मामांनी मनगट धरलं. पोलादी पकड!

"सोडा मामा! दिवा लावू द्या!"

"लावा की. पन साहेब, वरच्या खणात काय हाय?"

मी वर बघितलं. ईथर. भिंतीकडे बघितलं. माझ्याच हातची ज्योत, वीतभर. काडी हातातून पडली. मामांनी तीही उचलून बाहेर नेली.

मग मामांच्या कुंडीतल्या गार ईथरवर प्रयोग केला. बाहेर तापवून आणलेलं पाणी यंत्राच्या खाली ठेवलं. सरकीतून तेल छान निघालं. पण ते बघत कोण होतं? सगळे माझ्याकडे बघत होते.

शेटजींनी निकाल दिला. "खोली राहू द्या. पण चावी मामाकडं. त्याच्या हुकमाबिगर साबनं आत जायचं न्हाई."

"शेटजी!" मी कळवळलो. "मामा एक इयत्ता शिकलेले नाहीत. मी विलायतेहून आलोय!"

"बराबर हाय," शेटजी शांतपणे म्हणाले. "पर साब, तुमचं भाषण त्यानं तरी ऐकलं. तुमी कुठं ऐकलं?"