सातवीतल्या म्हशी

आमच्या आप्पांचं शाहूपुरीत मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला भर रस्त्यात झाडायला ते मागंपुढं बघत नसत. पण माझ्या पीएचडीचा विषय निघाला की त्यांचा आवाज बसायचा. शरीरसंबंधातून पसरणारा एक विषाणू, त्यातून बायकांना पुढे होणारा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आणि नुकतीच बाजारात आलेली त्यावरची लस. ती फक्त मुलींना द्यावी की मुलांनाही, किती जणांना दिली की रोग हटेल, याचं गणित मी मांडत होते. हे पाहुण्यांसमोर कसं बोलायचं?

विषय ऐकूनच दोन स्थळं पोहे अर्धे टाकून उठली होती. मला नवऱ्याचं रूप नको होतं की शेती नको होती. लग्नानंतर हे गणित पुरं करू देणारं घर हवं होतं, बस्स. म्हणून शिरोळचे पाहुणे यायच्या सकाळी आप्पांनी फर्मान काढलं, "म्हशींच्या लशीवर शिकतीया म्हणून सांग. दुधाचा धंदा हाय त्यांचा, खूश हुतील."

झालेही. मुलगा पोहे खात होता. त्याच्या आईनं मात्र माझी तोंडी परीक्षाच मांडली.

"लस सगळ्या जनावरास्नी टोचायची का?"

"नाही. रोग नराकडून मादीला, मादीकडून पुन्हा नराला जातो. माद्यांना पुरेशी टोचली की साखळी तुटते, नरही वाचतात."

"रेड्यास्नी सोडून भागतंय व्हय? काय बी सांगतीस!"

माझ्या गणितावर कुणी असं बोललं की माझं डोकं फिरतं. मी सरसावून बसले. "भागतं! टोचलेल्या माद्या कमी पडल्या तरच नरांना टोचायचा फायदा. म्हणून तर सातवीतल्या मुलींपासूनच सुरुवात करायची!"

मुलाच्या वडलांचा चमचा थांबला. "सातवीतल्या म्हशी?"

आप्पा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. आता लपवायला उरलंच काय होतं? मी सगळं सांगून टाकलं. विषाणू, कॅन्सर, सगळं. हेही स्थळ गेलं, असं मनात म्हटलं आणि रडू यायच्या आत उठायला लागले.

"बस," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी बशी खाली ठेवली. "माझी धाकटी भैन त्यानंच गेली. आमी पोटाचा आजार म्हणून सांगतो सगळ्यास्नी." मग त्यांनी विचारलं, "ही लस तवा असती, तर ती वाचली असती का?"

माझ्या गणितात लाखो माणसं होती, पण एकटी बाई कुठंच नव्हती. "नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं. "पण बहुतेक वाचल्या असत्या."

त्यांनी मान हलवली. "लगीन झालं तरी, न्हाय झालं तरी, तुझं गणित पुरं कर."

लग्न झालं. शिरोळला पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं कुंपणापलीकडून विचारलं, "सून कशावर शिकतीया म्हनं? म्हशीवर?"

सासूबाई धारा काढत होत्या. तिथूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "न्हाय! माझी भैन ज्या कॅन्सरनं गेली, त्याच्यावर!"