सात दिवसांनंतर येणारं माणूस

मी प्रवासाचा विमा विकते. माझ्याकडे माणसं दोन प्रकारची येतात. एकांना व्हिसासाठी नुसता कागद हवा असतो. ती काही न वाचता सही ठोकतात. दुसरी सगळं वाचतात, माझं डोकं खातात आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून जी जातात ती पुन्हा तोंड दाखवत नाहीत. कवळीकाकांनी सगळं वाचलं, माझं डोकंही भरपूर खाल्लं, पण घरी विचारून सांगतो असं काही म्हणाले नाहीत. घरी विचारायला कोणी नव्हतंच.

कवळीकाका हे त्यांचं गल्लीतलं नाव. माझ्या ऑफिसच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, चौतीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचे आणि गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. पेशंट त्यांनी कधी बघितला नाही. ठशाच्या पिशवीवर नाव नसायचं, नंबर असायचा. रस्त्यात एखादं म्हातारं माणूस खदखदून हसलं की हे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय आगाऊ माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तोवर घरात ती आणि हे, दोघंच. लग्न राहून गेलं. आता त्रेसष्टाव्या वर्षी काम बंद करून, राहतं घर एका जोडप्याला भाड्यानं देऊन, हा गृहस्थ दहा महिने परदेशात फिरायला निघाला होता.

"कोणाकडे राहणार?" मी विचारलं.

"कोणाकडे नाही. खोली घेईन. एका गावात महिनाभर, मग पुढच्या."

"एकट्यानं कंटाळा नाही येणार?"

"इथं माझ्याकडे कुठं जत्रा भरलीय?" ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "इथं एकटा दिसलो की लोकांना वाटतं, ह्याचं काहीतरी बिनसलंय. तिथं एकटा दिसलो तर म्हणतील, प्रवासी आहे."

मी फॉर्म पुढे केला.

"खरं सांगा मॅडम, हा विमा घेण्यात अर्थ आहे का? आठ-दहा दिवसांसाठी ठीक आहे. दहा महिने म्हणजे बरीच रक्कम होते."

मी विकायला बसलेली असले तरी खोटं बोलत नाही, निदान दुपारच्या जेवणाआधी तरी नाही. म्हटलं, काही झालं नाही तर पैसे गेले म्हणून तुम्ही हळहळाल, आणि काही झालं तर मला दुवा द्याल. यातलं काय होणार ते मला ठाऊक असतं तर मी इथं कशाला बसले असते. लांबच्या मुक्कामात घसरून पडणं, पोट बिघडणं, कुठंतरी हाड मोडणं याची शक्यता वाढते, आणि परक्या मुलुखात दवाखान्याचं बिल बघूनच माणूस अर्धा होतो. ब्लडप्रेशरची गोळी घेत असाल तर तसं लिहा, लपवलंत तर ऐन वेळी कंपनी हात वर करेल.

"दातांचं काय?"

"अचानक दुखायला लागला तर. बाकी नाही."

"कवळी तुटली तर?"

"नाही."

"ती मी जोडेन," ते म्हणाले.

मेल्यावर देह परत आणायचा खर्च मिळतो, हे कलम त्यांनी शांतपणे वाचलं आणि पान उलटलं. माणसं खरं तर तिथं अडतात. काका अडले पुढच्या पानावर. सलग सात दिवसांहून जास्त रुग्णालयात राहावं लागलं, तर जवळच्या एका नातेवाइकाचा येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च कंपनी देते. नाव आधीच लिहायचं, आणि त्या माणसाची सही लागते.

"शेजारी चालतो?"

"नाही. नात्यातलं लागतं."

"एका डॉक्टरांचं काम मी तीस वर्षं केलंय."

"काका, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागतं. नसेल तर रिकामं सोडा, त्यावाचून काही अडत नाही."

त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. "एक बहीण आहे. मोठी."

"मग प्रश्नच मिटला."

"विचारावं लागेल," ते म्हणाले, आणि फॉर्म घडी करून घेऊन गेले.

पंधरा दिवस झाले तरी पत्ता नाही. निघायला तीन आठवडे उरले होते. मी एरवी कोणाच्या मागे लागत नाही, पण हा माणूस विम्याशिवाय विमानात बसेल अशी मला धास्ती वाटायला लागली, आणि मग माझाच राग आला की मला कशाला पडलंय. तरी मागच्या इमारतीत गेले. दिवसाउजेडी दिवा लावलेली ती खोली, वर लहानशी जाळीची खिडकी. तिन्ही भिंतींवर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, शेकड्यांनी, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नंबर. पॉलिशचं मशीन त्यांनी कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ते उठून उभे राहिले आणि मला बसायला स्टूल दिलं. खोलीत स्टूल ते एकच होतं. चौतीस वर्षांत दुसऱ्याची गरज पडली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं आणि मला बसवेना. आम्ही दोघंही उभेच राहिलो.

"फॉर्मचं काय झालं?"

"राहू दे ते कलम. रिकामं सोडतो."

"बहीण नाही म्हणाली?"

"विचारलंच नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताई चार तासांवरच्या गावात राहते. तिचे यजमान बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले होते, तेही मागच्या वर्षी गेले. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ह्यांनी ताईला कळवलं नाही. तिला आधीच व्याप, उगाच कशाला जिवाला घोर लावायचा. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, असं करत हे एकटेच खुर्चीवर बसून राहिले. नवव्या दिवशी सकाळी फोन केला. ताई दुपारी पोचली. आई सकाळीच बोलायची थांबली होती.

"काही म्हणाली का ती तुम्हाला?"

"नाही. तेच तर. त्यानंतर काहीच म्हणाली नाही. सणासुदीला फोन करतो, 'बरी आहेस ना', 'बरी आहे', संपलं." ते एक जबडा हातात घेऊन बोटानं पुसत होते. "तिला मी नऊ दिवस कळवलं नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू, की मी दवाखान्यात पडलो तर तू ये म्हणून?"

त्या माणसाची मला कीव आली आणि चीडही आली. कुणाला त्रास नको, कुणाला त्रास नको, असं घोकत माणसं स्वतःभोवती भिंत बांधतात आणि मग आतून विचारतात, बाहेर कोणी आहे का. मी म्हटलं, "फोन लावा. माझ्यासमोर."

त्यांनी लावला. आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, एक सही हवी होती. कुरियरनं पाठवू का कागद?"

"कसली सही?"

काकांनी सांगितलं, पण इतकं फिरवून फिरवून की मलाही कळेना. शेवटी पुढचं विम्याचं ऑफिस, दवाखाना, सात दिवस, नातेवाईक एवढे शब्द तिकडे पोचले असावेत. "बघते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

"बघितलंत?" काका म्हणाले. मी उगाच नाक खुपसलं असं मला वाटलं, आणि तोंड पाडून ऑफिसात परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढत होते तर पायरीवर एक बाई बसलेल्या. सत्तरीच्या आतबाहेर, मांडीवर पिशवी, चेहरा थेट कवळीकाकांचा. पहिल्या बसनं निघाल्या होत्या.

"तो सहीचा कागद तुमच्याकडे आहे का?"

मी त्यांना आत बसवलं आणि काकांना फोन केला. ते फॉर्म घेऊन धावतच आले, पण दारातच थबकले. "तू कशाला आलीस एवढी? मी पाठवला असता," म्हणाले.

ताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. चष्मा लावून त्यांनी ते कलम वाचलं. ओठ हलवत, दोनदा.

"सात दिवसांनंतर का?" त्यांनी मला विचारलं.

"नियम आहे तसा. किरकोळ आजारात कोणाला बोलवायची गरज नसते, असं कंपनी धरते."

"आणि सात दिवस ह्याच्याजवळ कोण बसणार?"

बारा वर्षं मी हे कलम लोकांना वाचून दाखवते आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"दवाखान्यात नर्स वगैरे असतात," काका पुटपुटले.

ताई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "आईच्या वेळी तू मला नवव्या दिवशी कळवलंस. मी पोचले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. दोन वर्षं मी त्याबद्दल बोलले नाही, कारण तू एकट्यानं सगळं केलंस आणि वर मी तुला बोल लावणार, हे मला बरं दिसेना. पण मला राग आहे तुझा. अजून आहे."

काकांनी समोरची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"आता हा कागद म्हणतो, सात दिवस थांब. मला नाही थांबायचं. माझ्याकडे पासपोर्ट नाही, विमानात मी कधी बसले नाही, आणि येणं जमेल का हेही मला सांगता येत नाही. पण कळायला मला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे." मग माझ्याकडे बघून, "अगं, तसं लिहिता येतं का ह्यात?"

तसं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. मी ते समासात पेनानं लिहिलं: पहिल्याच दिवशी बहिणीला कळवावे. खाली ताईंचा नंबर टाकला. कंपनी समास वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तसं मी सांगूनही टाकलं.

"कंपनी नाही करणार मग फोन?"

"नाही."

"म्हणजे ह्यानंच करायचा." ताईंनी चौकटीत सही केली, संथपणे, पूर्ण नावाची. "करशील?"

काका खाली बघत होते. 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो, पण त्यांना लागला. चौतीस वर्षं ह्या माणसानं दुसऱ्यांची तोंडं नीट बसवली होती आणि स्वतःला एक शब्द बोलायचा तर दातखीळ बसली होती.

"करेन," शेवटी ते म्हणाले.

ते ठरल्या दिवशी गेले. पुढे महिने गेले, मी इतर गिऱ्हाइकांत गुंतले. काकांच्या पॉलिसीवर कसलाही दावा आला नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस ताईंचा मला फोन आला, आणि बोलायच्या आधी मी काकांची फाईल ओढली.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याचा सकाळी फोन आला होता. घसा धरलाय, थोडा ताप आहे. डॉक्टरकडेसुद्धा गेलेला नाही."

"मग?"

"मग काही नाही. ताप आजच आलाय. त्यानं आजच सांगितलं." 'आजच' असं त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. "तुला सांगावंसं वाटलं."

मी म्हटलं, घरच्या घरी घेतलेल्या औषधाचं विम्यातून काही मिळणार नाही.

"ते मला माहीत आहे गं," त्या म्हणाल्या, आणि त्याला पुन्हा फोन करून तापाचं विचारायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.