मोरीच्या कठड्यावरची टोळी

भुजंग दुष्काळी कामावर खडी फोडायला आला आणि पाऊस झाल्यावरही आमच्या गँगमध्ये टिकला. मी कायम होतो, तो रोजंदारीवर. वारंगा फाट्याकडून आखाडा बाळापूरकडे जाणारा रस्ता आमच्याकडे होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांच्या कठड्यांना चुना द्यायचा. मैलाच्या दगडांवरचे आकडे भुजंग काढायचा, कारण त्याचा हात सरळ चालायचा.

१९७४ साली माझी पंचफुला तिसरीत होती आणि शाळेचं नाव काढलं की रडायची. वर्गात छडी चालायची. तिला एकदाही बसली नव्हती, पण दुसऱ्यांना बसताना बघूनच तिने धसका घेतला होता. तिची आई म्हणायची, शेळ्या वळू दे, तेवढाच हातभार. एकदा भाकरी खाताना मी हे भुजंगला बोललो.

"पोरीला मास्तराचं भेव वाटतं व्हय, ग्यानोबादादा?" तो म्हणाला. "मग तिला मास्तराला हसू द्या की."

"कसं?"

"थोडं डांबर उरू द्या, सांगतो."

आमच्या वस्तीपासून शाळेपर्यंत रस्त्यावर पाच मोऱ्या होत्या. ताज्या चुन्यावर त्याने डांबराने आणि गेरूने एकेका कठड्यावर एकेक चित्र काढलं. वस्तीकडच्या पहिल्या मोरीवर तीन पोरं वर्गाच्या खिडकीतून पळताहेत. पुढच्या मोरीवर तीच पोरं आंब्यावर. मग मास्तरांची छत्री बकरीच्या शिंगाला बांधलेली. मग बकरीमागं धावणारे मास्तर चिखलात. शेवटी शाळेजवळच्या मोरीवर पोरांच्या पाठीवर छडी. चुना उडाला की पुन्हा चुना, आणि त्याच टोळीची नवी गोष्ट.

पंचफुला पहिल्या दिवशी माझं बोट धरून पहिल्या मोरीपर्यंत आली. दुसऱ्या मोरीला तिने बोट सोडलं.

त्या चित्रांत खोट होती, ती मी तेव्हाही त्याला सांगत असे. पोरांचे हात सदा खिशात, कारण त्याला बोटं काढता येत नव्हती आणि शिकायची तयारीही नव्हती. प्रत्येक वेळी मास्तर चिखलातच पडायचे. दिवसभर शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोरांना कधी भूक लागायची नाही. छडी बसायची, पण कुणी रडायचं नाही.

"मार लागतो, भुजंगा. ते काढ."

"मार तर तिथं फुकट भेटून राहिला, दादा. मी काहून काढू?"

पण मास्तरांच्या मिशा त्याने अशा काढल्या होत्या की एक टोक वर, एक खाली. कठड्यावरच्या मिशा बघून गेलेलं लेकरू वर्गातल्या मास्तरांना पहिल्यासारखं भीत नसे. बाकीची सगळी खोट त्यापुढं मी सोडून देत होतो. पंचफुलाने एकदा त्याला टोकलं, "काका, तुमच्या शाळेत पोरी न्हाईत का?" पुढच्या गोष्टीत बकरीची दोरी धरून एक वेण्यावाली पोरगी उभी होती.

भुजंगला कायम करायचा कागद वर गेला होता, तेव्हाच हेडमास्तरांनी तक्रार केली. ते सायकलवर बाळापूरकडून आले आणि शाळेजवळची मोरी त्यांना आधी दिसली. मास्तर छडी मारताहेत, कारण काही नाही. पुढं मास्तर चिखलात. ते तिथूनच माघारी फिरले आणि आमच्या ओव्हरसियरला घेऊन आले. ओव्हरसियरने आम्हाला उभं केलं.

"सरकारी कठडा, सरकारी डांबर, आणि गुरुजींची टिंगल? तुझा कागद मी आजच माघारी मागवतो."

"साहेब," भुजंग म्हणाला, "गुरुजींनी शेवटापासून वाचलं. पोरं तिकडून येतात."

ओव्हरसियर हसला नाही, पण निघाला. आम्ही सगळे वस्तीकडून पुन्हा चालत आलो. हेडमास्तर प्रत्येक मोरीशी थांबले. शेवटच्या मोरीवर म्हणाले, "आधी खोडी, मग शिक्षा. क्रम बराबर आहे. पण खोडी इतकी गमतीची आहे, की शिक्षेचं कुणाला काय वाटणार?"

माझंही मत तेच होतं.

"हे काढायला सांगितलं कोणी?" ओव्हरसियरने विचारलं.

भुजंग खाली बघत म्हणाला, "कोणीच न्हाई. मलाच खाज."

त्याची नोकरी चालली होती आणि तो माझं नाव घेत नव्हता. मी पुढं झालो. "साहेब, मी सांगितलं. माझी पोरगी शाळेला जात नव्हती. छडीला भीत होती."

"कोण पोरगी?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तिसरीतली पंचफुला."

हेडमास्तर म्हणाले, "ती आता रोज येते. पाढे म्हणायला सगळ्यांत आधी उभी राहते." मग ओव्हरसियरला म्हणाले, "चित्रं पुसा, साहेब. ती राहायला नकोत. या माणसाचा कागद मात्र अडवू नका."

ओव्हरसियर गेल्यावर भुजंग माझ्यावर उखडला. "तुमी काहून मधी बोलले? दोघंबी गेलो असतो ना घरी!"

"गेलो असतो तर शेळ्या वळल्या असत्या."

"तुमच्या शेळ्या, दादा? पगार काय देता?"

दुसऱ्या दिवशी त्याने पाचही कठडे स्वतः पुसले. तारेच्या ब्रशने डांबर खरवडलं, चुन्याचे दोन हात दिले, मिशीचा डागसुद्धा दिसू दिला नाही. चित्रांत तो आळस करायचा. चुन्यात त्याने केला नाही.

पुढच्या सकाळी मी कामावरून बघत होतो. पंचफुला वस्तीतल्या बारक्या पोरांना घेऊन शाळेला निघाली होती. पांढऱ्या कठड्यापाशी थांबून ती त्यांना सांगत होती, इथं कोण पळालं, आणि हसत होती. मग घंटा ऐकून सगळी धावली.

भुजंग त्याच साली कायम झाला. पंचफुला मॅट्रिक झाली, पुढं नर्स झाली. मी भुजंगचे आभार कधी तोंडावर मानले नाहीत. मानले असते तर त्याने गँगभर माझी नक्कल केली असती. म्हणून ते इथं मानतो.