लाल फडक्यातली रहस्यकथा

लग्न होऊन मी नगरहून कर्जतकडच्या एका गावात आले, ती ऐन दुष्काळाच्या साली. रुखवतात काय काय होतं ते आता आठवत नाही. वडिलांनी ट्रंकेच्या तळाशी गुपचूप सरकवलेली पुस्तकं मात्र आठवतात. प्रत्येकाला खाकी कव्हर, आणि वाळवी लागू नये म्हणून वरून लाल फडकं बांधलेलं.

सासरी दिवसा वाचणारी बाई आणि दिवसा झोपणारी बाई यांत फारसा फरक करत नसत. थोरल्या जाऊबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या, पण ते शिक्षण त्यांनी माझ्या चुका वाचण्यात खर्च केलं. मला तहान सोसत होती, दुष्काळात सरकारनं वाटलेली कोरडी सुकडी खाऊन राहणं सोसत होतं. धास्ती एकच होती, की या घरात आपलं वाचणं कायमचं मिटणार.

जनावरं चारा-छावणीत गेल्यामुळे गोठा रिकामा होता. दुपारी मी तिथं गव्हाणीत पाय दुमडून बसायचे. राणीसारखी! एकदा सासूबाई दावं शोधायला आल्या आणि मी सापडले. मांडीवर लाल फडकं, फडक्यावर पुस्तक. आता शिव्या खायच्या म्हणून मी मान खाली घातली. पण त्या घरात लाल फडक्यातून आजवर एकच वस्तू निघत आली होती, श्रावणातली पोथी. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून खाली बसल्या.

"मोठ्यानं वाच की. मनातल्या मनात वाचल्यावर आमाला पुन्य कसं लागायचं?"

पुस्तक होतं रहस्यकथेचं. समुद्राकाठच्या बंगल्यातून एक तरुण मुलगी नाहीशी झालेली आणि एक गुप्तहेर भर पावसात तिचा माग काढतोय. मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं गाजवलेली मुलगी, मागे कशाला हटू? घसा खाकरला आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं, "गुप्तहेर वदेऽऽ तयासीऽऽ, हात वरती करीऽऽ..."

सासूबाईंनी भक्तिभावानं मान डोलवली.

पोथीचा नियम असा, की धरलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही. टँकर आला, आमटी उतू गेली, पाहुणे दारात उभे राहिले, तरी सासूबाई गोठ्यातून ओरडायच्या, "थांबा जरा, तिचा अध्याय व्हायचाय!" मी लगेच दोन प्रकरणांचा एक अध्याय करू लागले.

हळूहळू शेजारच्या बायका येऊन बसू लागल्या. दुष्काळी कामावर सकाळभर खडी फोडून त्यांच्या हातांना फोड आलेले असायचे. बंगल्यावर पाऊस कोसळायला लागला की कुणीतरी म्हणायचं, "तेवढं पावसाचं पुन्हा वाच गं." मी पुन्हा वाचायचे. पागोळ्या, चिखल, भरलेली पन्हाळी. बायका डोळे मिटून ऐकायच्या. एकीनं तर पदर पुढे ओढून घेतला होता. मी एकटीच वाचायचे तेव्हा पावसाची ही पानं भराभरा उलटत असे. मोठ्यानं वाचताना कळलं, की इतकी वर्षं मी निम्मं पुस्तक सोडूनच देत होते.

समाप्तीला प्रसादासाठी गूळही नव्हता. सासूबाईंनी परातीत सुकडी घेतली, वर हळदीकुंकू वाहिलं. शेवटचा अध्याय रंगात आला आणि जाऊबाई पुढे झाल्या. त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं आणि खाकी कव्हर सर्रकन ओढून काढलं. आत टोपीवाला पुरुष, हातात पिस्तूल, मागे किंचाळणारी बाई.

"आत्याबाई, ह्यो कंचा देव म्हनायचा? आरती करू का ह्याची?"

आता पुस्तकं बंबात जाणार आणि मी माहेरी. सासूबाईंनी पुस्तक हातात घेतलं, चित्र जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"ती पोरगी सापडली का?" त्यांनी मला विचारलं.

"अजून नाही. तळघरात आहे."

"मग बाहीर काड तिला. अध्याय अर्धा ठिवत्यात व्हय?" मग जाऊबाईंकडे वळून, "आन तू बस खाली. उजेड अडवू नगंस."

जाऊबाई बसल्या. मी वाचलं, आता चाल न लावता, साध्या आवाजात. मुलगी आईच्या गळ्यात पडली तेव्हा खडी फोडणाऱ्या त्या सगळ्या बाया रडत होत्या आणि सर्वांत मोठा हुंदका जाऊबाईंचा होता.

बायका गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फसवलंस गं मला."

"मी कुठं पोथी म्हणाले? तुम्हीच हात जोडलेत."

"पयल्याच अध्यायात पिस्तूल आलं तवाच कळलं मला. पर जोडल्यालं हात खाली कसं आनायचे? म्हून बसले." त्यांनी खाली पडलेलं लाल फडकं उचललं. "आन बसले ते बरं झालं. लई दिवसांनी कुनाच्या तरी दुसऱ्याच्या घरची काळजी केली. आपली इसरले." फडकं झटकून त्यांनी माझ्या हातात दिलं. "आजून हायेत का?"

"आहेत."

"मग हितं कशाला बसायचं? चुलीपाशी चल. भाकरी मी थापते, तू वाच."

त्या संध्याकाळी मी चुलीच्या उजेडाला पाट ओढून बसले आणि दुसरं पुस्तक उघडलं. जाऊबाई भाजी निवडायच्या निमित्तानं शेजारीच सरकल्या, भाजी घरात नसताना. तिसऱ्या पानावर घरात एकट्या असलेल्या बाईच्या बंद दारावर कुणीतरी थाप मारली. सासूबाईंच्या हातावर भाकरी अर्धी थापलेली, तशीच राहिली.

"आत्याबाई, तवा जळतोय!"

"जळू दे गं. दार उघडलं का तिनं?"