एका नंबरावरची पोरं

"नंबर माझा टाक," असं म्हणून सर शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटायचे. खिशात त्यांचा फोन असायचा. फॉर्म कसलाही असो, मोबाइल नंबरच्या रकान्याशी येऊन पोर अडखळलं की सरांची बोटं खिशावर गेलीच म्हणून समजा. "तुजा उद्या बंद पडंल. माझा टाक. पंधरा वर्सं एकच नंबर हाय."

असा माणूस तुमच्याही आळीत असेल. ज्याचा फोन सगळ्यांचा असतो. गॅसवाल्याकडे त्याचा नंबर, शाळेत त्याचा, रेशनकार्डाला त्याचा. आपल्याकडे नंबर असणं म्हणजे चालू फोनवाला कुणीतरी ओळखीचा असणं. नाव ज्याचं त्याचं, नंबर गावाचा. यात काही चूक आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, माझ्याही नाही.

पेणला रामवाडीत माझा टायपिंगचा क्लास होता. मधे प्लायवूडचं पार्टिशन, आणि पलीकडे सरांचा वेबसाइट बनवायला शिकवायचा क्लास. माझ्याकडची जुनी मशिनं जाऊन संगणक आले, तरी माझी पोरं कळफलक बडवायचीच. त्यांच्याकडे मात्र शांतता. मधूनच सरांचा आवाज उठायचा आणि मग हशा.

सर रोज सकाळी रोह्याहून एसटीने यायचे. आधी तिकडच्या एका रसायनाच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. कंपनी बंद पडली तेव्हा वय चाळिशीपार. त्या वयात माणूस रिक्षा घेतो नाहीतर दुकान टाकतो. हे गृहस्थ घरी बसून कोडिंग शिकले. "डोकं फिरलंय यांचं असं बायको म्हनायची," ते सांगायचे, "आणि ते खोटं नव्हतं."

शिकवायचे मात्र असे की पार्टिशनपलीकडे मलाही कळायचं. वेबसाइटच्या पानावरची प्रत्येक गोष्ट म्हणे एका चौकटीत बसलेली असते. सरांच्या भाषेत चौकट म्हणजे भाताचं खाचर. कडेची रेघ म्हणजे बांध. बांधाच्या आत मोकळी सोडतो ती जागा पॅडिंग, आणि दोन खाचरांच्या मधली वाट म्हणजे मार्जिन.

"काय गो गडब, तुज्या बापानं शेजाऱ्याचा बांध कोरला तर काय होतं?"

"भांडान होतं सर."

"तेच झालंय तुज्या पानावर. मार्जिन दे."

पोरांना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. गडब, वाशी, नागोठणे, धरमतर. एका गावची दोन पोरं आली की थोरली-धाकटी करायचे. खरी नावं त्यांना माहीत नसावीत असा माझा संशय होता. तो खोटा ठरला, पण फार उशिरा.

कोर्स संपला की परीक्षा. ती घ्यायची बाहेरची एक मोठी कंपनी. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पास झालं की प्रमाणपत्र मिळायचं, जाड कागदाचं, झोकदार. पण खरी किंमत कागदाला नव्हती. कंपनीची इंटरनेटवर एक नोंदवही होती, तिच्यात नाव लागायला हवं. नोकरी देणारे लोक कागद बाजूला ठेवून तिथे बघतात.

या परीक्षेचं खातं उघडताना प्रत्येकाला मोबाइल नंबर द्यावा लागे. पोरांकडे नंबर कुठला? कुणाच्या घरी एकच फोन, तो बापाबरोबर होडीत नाहीतर शिफ्टला. कुणाचं सिमकार्ड दर दोन महिन्यांनी बदललेलं. म्हणून सगळ्यांच्या खात्याला सरांचा नंबर. परीक्षेच्या दिवशी ओटीपी सरांच्या फोनवर यायचा आणि ते मंडईतल्यासारखे ओरडायचे, "नागोठणे, चार सात नऊ दोन!" मी पलीकडून चिडवायचे, "सर, भाजी कशी दिली?" फॉर्मवर इंग्रजीत लिहिलेलं असायचं की नंबर उमेदवाराचा स्वतःचा हवा. ते सरांनीही वाचलं होतं आणि मीही. फॉर्मवर अशी दहा वाक्यं असतात, म्हणून आम्ही पुढे गेलो. माझ्या टायपिंगच्या पोरांच्या फॉर्मवर माझाच नंबर असायचा. तेव्हा मला शहाणपणा सांगायचा अधिकार नाही.

धरमतर नावाची मुलगी सरांची लाडकी. तिचा बाप खाडीत जाळं टाकणारा. मुलगी अबोल, पण हात असा चालायचा की सर तिच्या मागे उभे राहून नुसते बघत बसत. ती पास झाली आणि तिला नवी मुंबईत नोकरी लागली. सरांनी दोन्ही क्लासना वडापाव वाटले. माझ्या पोरांना कारण कळलं नाही, त्यांनी नुसते खाल्ले.

महिनाभरात ती परत आली. बरोबर बाप. तो दारातच उभा, चपला हातात.

"सर, नोकरीवाले आमचे पोरीला खोटी बोलतान," तो म्हणाला. "तो कागद तिचा नाय, दुसऱ्याचा हाय बोलतान. तुमी सांगा, पोर खोटी हाय का?"

सर हसले. "येडे हायेत ते. थांब, दावतो." त्यांनी नोंदवही उघडली, तिच्या प्रमाणपत्राचा क्रमांक घातला. मग हाक आली, "बाई, जरा इकडं या."

मी गेले. मुलीच्या क्रमांकापुढे नाव होतं सरांचं.

झालं होतं असं. कंपनीने आपली नोंदवही नवी केली होती. नवा नियम, एक नंबर म्हणजे एक माणूस. एका नंबरावरची सगळी खाती यंत्राने आपोआप एकत्र केली आणि पहिलं खातं ज्याचं, त्याच्या नावावर टाकली. पहिलं खातं सरांचं. दीडशेच्या वर पोरांच्या परीक्षा सरांनी एकट्याने पास केल्या होत्या, आणि पोरांच्या नावावर काहीच उरलं नव्हतं.

"जगात माझ्याएवढा पास झालेला मानूस नसंल," सर म्हणाले आणि हसले. दुसरं कुणी हसलं नाही. मुलीचा बाप माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय नाय होत," सर त्याला म्हणाले. "कंपनी मोठी हाय, ऐकंल."

हे त्यांचं वाक्य मी पुढचे पाच महिने ऐकलं. ते मजकूर सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायचे. आज पाठवलं की उद्या उत्तर यायचं की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, समाधानी असाल तर तारे द्या. तक्रारीला नंबर मिळायचा. त्या नंबरावर विचारलं की नवा नंबर मिळायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, त्यांना खाली कोण उभं आहे ते दिसणार कसं? दरम्यान आणखी पोरं येऊ लागली. कुणाची बढती अडली, कुणाला घरी पाठवलं. सर प्रत्येकाला पाणी द्यायचे आणि तेच वाक्य सांगायचे.

शेवटी कंपनीची दोन माणसं व्हिडिओवर भेटली. एक मॅडम आणि एक तरुण. बोलणं अगदी गोड. मी बाजूला बसले होते. मॅडम हिंदीत म्हणाल्या की रेकॉर्ड बघता असं दिसतं, एकाच माणसाने एवढ्यांच्या परीक्षा दिल्या.

"मॅडम, परीक्षा त्यांनीच दिल्या," सर म्हणाले. "नंबर फक्त माझा होता. पोरांकडे नंबर नव्हता."

"मग त्यांनी परीक्षा द्यायला नको होती," तो तरुण म्हणाला. रागाने नाही, सहज.

त्यांनी एक वाट सुचवली. सरांनी लिहून द्यायचं की नियम मोडून ही खाती आपण चालवली, विद्यार्थ्यांना त्याची कल्पना नव्हती. सरांचं स्वतःचं प्रमाणपत्र रद्द होईल, त्यांना कायमचं बाद केलं जाईल, आणि मग मुलांच्या नोंदी एकेक करून तपासता येतील.

मी म्हटलं, "सर, सही करू नका. उद्या हेच दाखवून कानावर हात ठेवतील."

"कंपनी मोठी हाय बाई. शब्द पाळंल."

ते पत्र मीच टाइप केलं. हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या हातात चाळीस वर्षांचा वेग आहे, त्या दिवशी एकेक अक्षर शोधावं लागलं. शेवटी सरांनी पोरांची यादी सांगितली. नाव, बापाचं नाव, आडनाव, एकही कागद न बघता, दीडशे पोरं. धरमतरचं नाव सगळ्यात वर.

सरांना बाद करायचं काम कंपनीने दुसऱ्याच दिवशी केलं. त्याला ना तक्रार लागली ना नंबर. बाद माणसांची यादीही त्या नोंदवहीत सगळ्यांना बघायला खुली होती. पोरांच्या नावापुढे मात्र 'तपासणी सुरू आहे' एवढंच आलं, आणि तेच राहिलं.

ती यादी पेणमधल्या कुणीतरी फोनवर फिरवली. आठवड्यात सरांचं नाव 'बोगस सर' पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरही नव्हता. एका पालकाने येऊन माझ्यादेखत बोर्ड उतरवला आणि सरांनी त्याला स्क्रू काढायला स्क्रूड्रायव्हर दिला. मी भांडायला उठले तर म्हणाले, "बसा बाई. त्याची पोर घरी बसलीय." नवी पोरं यायची थांबली. पुढच्या महिन्यात पार्टिशनपलीकडे कुलूप लागलं. नुसत्या कळफलकांच्या आवाजात मला शिकवता येईना. मी पार्टिशन काढायला लावलं, त्याने जागा फक्त मोठी झाली.

रोह्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा कळलं की सर तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. मी वाट वाकडी करून गेले. निळा शर्ट, शिट्टी, समोर वही. एक ट्रकवाला वहीत नोंद करत होता. क्लीनरचा नंबर टाकू का म्हणाला.

"तुजाच टाक," सर म्हणाले. आवाज इतका कडक की ट्रकवाला दचकला.

माझ्याकडे बघून हसले, खुर्ची पुसून दिली. तब्येत विचारली तर "हाय, बरी हाय" म्हणाले. चेहरा काळवंडला होता. मी निघाले तेव्हा गेटपर्यंत आले आणि म्हणाले, "धरमतरचं झालं का हो काय?"

"तपासणी सुरू आहे," मी म्हटलं. ती मुलगी वडखळला एका साडीच्या दुकानात घड्या घालत होती, ते मी सांगितलं नाही.

त्यानंतर महिनाभरात सर गेले. सकाळी ड्युटीवर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला मी कुंडलिका नदीच्या घाटावर गेले. मूलबाळ नव्हतं, धाकट्या भावाने विधी केले. सरांची बायको मागे पायरीवर बसली होती. पोरं बरीच आली होती, गडब, नागोठणे, वाशी. अशी त्यांना हाक मारणारा माणूस आता नव्हता. धरमतर बापाबरोबर आली होती. बोगस म्हणणाऱ्यांपैकीही दोघे होते. ते खाली मान घालून उभे होते.

पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे होते. एकही उतरेना. भाऊ हात जोडून म्हणाला, "वहिनीला अंतर देनार नाय." कावळे हलले नाहीत. "घर मोडनार नाय." नाही. ऊन चढलं. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण मीही झाडाकडेच बघत राहिले. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला पिशवीत हात घातला.

तेवढ्यात सरांची बायको उठली. आमच्याकडे वळून म्हणाली, "त्या परीक्षेतच जीव अडकलाय त्यांचा. रात्रंदिन तेच. पोरांनो, काय असंल ते सांगा त्यांना."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सांगायचं काय? कुणाचंच काही झालं नव्हतं.

धरमतर पुढे झाली. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी ती मुलगी. पिंडासमोर गेली, पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "सर, माजी नोंद लागली. काल मेल आला. माजं नाव आलंय. बाकीच्यांची पन येनारेत."

झाडावरून एक कावळा उतरला. दोन उड्या मारून पिंडाशी आला आणि चोच घातली. मागे कुणीतरी हुंदका दिला. सरांची बायको मटकन खाली बसली आणि मुलीचा हात धरून राहिली. मलाही रडू आवरेना. पाच महिने टाइप केलेली ती सगळी पत्रं शेवटी कुठेतरी पोचली, असं वाटलं.

माणसं पांगल्यावर मी तिला रस्त्यावर गाठलं. तिचा बाप पुढे एसटी बघायला गेला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बघू तरी गो तो मेल."

तिने माझ्याकडे बघितलं. "मेल नाय बाई," ती म्हणाली. "काय पन नाय लागलं."

समोरून एसटी आली. तिने डोळे पुसले आणि बापाच्या मागे धावत गेली. दुकानात दुपारी हजर व्हायचं होतं तिला.