बावीस वर्षांचा फ्रेशर

इंदोऱ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. बायोडाट्याचा एक फॉरमॅट मी बारा वर्षांआधी बनवला, तोच सगळ्यांले देते. नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा, झालं. छंद सगळ्यांचा एकच, क्रिकेट खेळणे. सिंधूताईच्या नर्स झालेल्या पोरीलेही मी क्रिकेट खेळवलं.

धम्मानंदभाऊ आले तेव्हा मी आधीच तापलेली होती. भाऊ खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळशाच्या बेल्टवर ठेक्यानं काम करतात. नवा ठेकेदार आला होता. शनिवारपर्यंत बायोडाटा द्या, पाहून मंग ठेवतो म्हणाला. वय बावन्न. हे काम गेलं तं दुसरीकडे कोण घेणार?

"अनुभव?" मी कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं. उत्तर नाही. तीनदा विचारलं. "काहून बोलून नाही राहिले भाऊ? मले दुसरे कामधंदे नाहीत का?"

ते दचकले, खुर्ची फिरवून बसले. "अनुभव कायचा ताई? बावीस वर्षांत कोणी कागदच नाही दिला. बेल्टजवळून चालतो, बस."

"कागद नाही तं अनुभव नाही," म्हणून मी 'फ्रेशर' टाकलं. खाली क्रिकेट.

प्रिंट निघून राहिली होती. भाऊ उठले अन् भिंतीले उजवा कान लावून उभे राहिले. पलीकडे रुपरावची आटाचक्की. "ताई, चक्की बंद करायले सांगा. खालचं बेअरिंग जाऊन राहिलं."

मले धडधडीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. रुपराव तं हसलाच. "कालच ग्रीस भरलं गा!" तरी त्यानं चक्की थांबवून उघडली, अन् मले पाहायले बोलावलं. बेअरिंग तापून निळं पडलं होतं, आतली एक गोळी फुटलेली.

"भाऊ, हे कसं कळलं?"

"हेच तं करतो न. बेल्टखाली हजारावर रोलर फिरतात. जो बिघडला तो वेगळा रडते. तिथं खडूनं फुली मारतो, फिटर बदलवतो. राहून गेला तं तापते, मंग कोळशाले आग."

बावीस वर्षं या माणसानं आग लागू दिली नाही, अन् मी त्याले फ्रेशर लिहिलं! लाज वाटली मले. कागद टराटरा फाडला. विचारत गेली, लिहीत गेली. रोज किती चालता, कोणता आवाज म्हणजे काय. पान भरलं. शेवटी लिहिलं, 'श्रवणशक्ती उत्तम'.

भाऊंनी एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचलं अन् तिथं थांबले. "हे खोटं आहे ताई. डावा कान गेला माहा. बेल्टच्या आवाजानं."

तीनदा विचारलेलं आठवलं. बाप रे! हे सगळं एका कानानं?

"मंग कानाचं लिहीतच नाही. नाही ठेवलं तं?"

"लिहा ताई. तोही तिथंच गेला. अनुभवातच धरा."

लिहिलं.

सोमवारी भाऊ दारातूनच जयभीम म्हणाले. ठेकेदारानं पूर्ण पान वाचलं, बेल्टवर नेलं, म्हणे दाखवा. भाऊंनी नुसत्या आवाजावरून तीन बिघडलेले रोलर दाखवून दिले.

"ठेवलं न?" मी ओरडलीच.

"ठेवलं." त्यांनी खडूचा नवा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "अन् हा दिला. बावीस वर्षं मी घरूनच खडू नेत होतो ताई."