बडनेऱ्याच्या स्टेशनावरचा हार
झेंडूचा वास आला की मला बडनेऱ्याचं स्टेशन आठवतं. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि आमच्या भागातून कौन्सिलात वर्षानुवर्षं एकच माणूस निवडून जाई. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आमच्या गावात मुलींची शाळा त्यांनीच भांडून आणली. आमचा फुलांचा मळा होता. ते नागपूरला निघाले की बाप मला घेऊन स्टेशनावर जायचा आणि त्यांना हार घालायचा. ते तो लगेच काढून माझ्या गळ्यात टाकत आणि बापाला दटावत, ‘पोरीले शाळेतून काढलं त तुहा हार मी घेनार नाही.’ बाप हसायचा. ‘तुमी हाय तोवर कोन काढते तिले, भाऊसाहेब?’ मी चौथीत असताना ते नागपुरातच वारले. त्यांना आगगाडीनं आणलं. फलाटावर कोळशाचा धूर आणि ओल्या झेंडूचा वास भरला होता. बापानं त्यांच्या छातीवर हार ठेवला आणि मी सवयीनं पुढे होऊन मान वाकवली. बापानं मला मागं ओढलं. ‘चाल माय, आता थे नाही देत.’ पुढच्या आठवड्यात मी पाटी घेऊन निघाले तर आई म्हणाली, ‘ठेव थे. फुलं तोडाले चाल.’ मी बापाकडे पाहिलं. तो बैलांना पाणी पाजत राहिला. आता त्या शाळेच्या दारावर भाऊसाहेबांचं नाव लिहिलेलं आहे. ते मला वाचता येतं. तेवढं शिकून झालं होतं.